सहा वर्षांचा कळप

गेल्या फेब्रुवारीत एका रात्री नानांचा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. माण तालुक्यातल्या आमच्या गावचे, पण वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे बाहेर असतात. सतरा सेकंदांचा व्हिडिओ. बॅटरीच्या उजेडात एक मेंढी मान खाली घालून उभी, नाकातून शेंबूड, डोळ्यांच्या कडांना चिपडं. मागून नानांचा आवाज, "दादा, बघ जरा. कालपास्नं चरंना झालीया."

आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात पप्पांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबांखालून काशिमिऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न चालले होते. पप्पा पस्तीस-सदतीस वर्षं मुंबईत आहेत. मी त्यांना कधी मेंढीला हात लावताना पाहिलेलं नाही. त्यांनी नानांना फोन लावला आणि म्हणाले, "शेपटाखाली बघ. गाठी हायत का?"

"न्हाईत."

"मग देवी न्हाय. तोंड उघडून बघ. हिरड्या बघ."

थोड्या वेळानं नाना म्हणाले, "तोंडात फोड हायत. वास मारतुया."

पप्पा गप्प झाले. मग जे बोलले त्यावरून हा लेख सुरू होतो. ते म्हणाले, "एक बी इकू नगंस. व्यापारी आला तरी इकू नगंस."

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी लॉग बघतात. काय बिघडलं, कधी बिघडलं, याआधी असं कधी झालं होतं. त्या रात्री मी तेच केलं. महाराष्ट्रातल्या मेंढरांच्या साथींचा लॉग शोधायला बसलो. तो फारच थोडा सापडला. पण जेवढा सापडला त्यात आमच्या घराचाही इतिहास निघाला.

देवीचं साल

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकलंय, "देवीच्या सालानंतर." आजी प्रत्येक गोष्ट देवीच्या आधीची किंवा नंतरची म्हणून सांगायची. मला वाटायचं माणसांना देवी आल्या असतील. पण हे साल १९८८ च्या आसपासचं. भारतात माणसांमधल्या देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. आजीच्या देवी मेंढरांच्या होत्या. त्या गेल्या नव्हत्या, अजूनही गेलेल्या नाहीत.

मेंढीची देवी आणि माणसाची देवी एकाच मोठ्या विषाणूकुळातल्या, पण वेगळ्या शाखांच्या. मेंढीची माणसाला होत नाही. लागण झाल्यावर आठवडा-दीड आठवडा काही दिसत नाही. मग ताप चढतो, नाक-डोळे वाहतात आणि जिथं लोकर कमी असते तिथं, म्हणजे शेपटाखाली, जांघेत, कासेवर, ओठांवर, पापण्यांवर कडक गाठी उठतात. तशाच गाठी फुप्फुसातही उठतात, त्या दिसत नाहीत. मेंढी धापा टाकायला लागते. कोकरं सगळ्यात आधी जातात. जी वाचतात त्यांना पुन्हा देवी होत नाहीत, पण गळून पडलेल्या खपल्यांमध्ये विषाणू सावलीच्या जागी काही महिने जिवंत राहतो. म्हणजे कळप पुढं निघून जातो आणि वाड्याच्या जागेवर रोग राहतो.

पप्पांनी त्या रात्री पहिल्यांदा सलग सांगितलं. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, शंभराच्या वर मेंढरं होती. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेली होती. भात कापलेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, हा जुना व्यवहार. वाटेत दुसऱ्या एका वाड्याशेजारी दोन रात्री मुक्काम झाला. बारा-तेरा दिवसांनी पहिलं कोकरू गेलं. महिन्याभरात निम्म्याहून जास्त कळप संपला. शेतकरी म्हणाले, आजारी मेंढरं आमच्या रानात नकोत. म्हणजे खताचं उत्पन्नही बंद. आबांनी मरीआईला नारळ फोडला, लिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडलं, आजारी जनावरं वेगळ्या वाघरीत ठेवली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

त्याच साली पप्पा दहावीत नापास झाले होते. आबांनी त्यांना एका नातेवाइकाबरोबर मुंबईला पाठवलं. ठरलं होतं की कळप सावरेपर्यंत काम करायचं, मग परत यायचं.

एक्सेलमधली मेंढरं

कळप सावरायला किती वेळ लागतो? याचं उत्तर छापलेलं आहे, हे मला त्या रात्री कळलं. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या आणि महाराष्ट्राच्या पशुवैद्यकांनी मिळून राज्यातल्या मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा अभ्यास केला. तो २००० साली उष्ण कटिबंधातल्या पशुआरोग्यावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला एक अंदाज असा की या रोगानं एकट्या महाराष्ट्राचं वर्षाला दहा कोटी रुपयांहून जास्त नुकसान होतं. दुसरा अंदाज मला जास्त लागला. साथ येऊन गेलेल्या कळपाला पूर्वपदावर यायला सुमारे सहा वर्षं लागतात.

सहा वर्षं का, हे समजायला मी एक साधी एक्सेल शीट केली. आकडे माझे आहेत, फक्त हिशेब दाखवायला. समजा शंभर माद्यांपैकी चाळीस उरल्या. दख्खनी मेंढी साधारणपणे एका वेताला एकच कोकरू देते. चाळीसमधून वर्षाला तीस कोकरं जगली असं धरा. त्यातले निम्मे नर, ते विकून घर चालतं. उरल्या पंधरा माद्या. त्यातल्या तीन अडीअडचणीला विकाव्या लागतात, कारण साथीत कर्ज झालेलं असतं. सहा म्हाताऱ्या मेंढ्या दरसाल कमी होतात. निव्वळ वाढ सहा. म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. चाळीसचे शेहेचाळीस, मग त्रेपन्न, एकसष्ट, सत्तर, ऐंशी आणि सहाव्या वर्षी त्र्याण्णव. तेही मध्ये दुष्काळ पडला नाही, पोरीचं लग्न निघालं नाही, कोणी आजारी पडलं नाही तर.

नदीकाठी बंगला बांधणाऱ्याला पूर येऊन गेला तर घर पुन्हा बांधता येतं, पैसे लागतात एवढंच. कळपाचं तसं नसतं. मेंढी विकत घेता येते, पण पैसा मेंढरांतूनच यायचा असतो. भांडवल आणि उत्पन्न एकाच जाळीत उभं असतं.

पप्पा म्हणाले, आबांचा कळप चौऱ्याण्णव-पंच्याण्णवला भरला. तोपर्यंत ते एका गोदामात कायम झाले होते, भाईंदरला खोली घेतली होती आणि त्यांचं लग्न ठरलं होतं. कळप सावरला, पण परत जायचं राहून गेलं. आमच्या सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटचा पाया कुठं आहे ते मला तेव्हा कळलं.

दप्तरात मेंढी शोधताना

मग मी मागं जात राहिलो. आपल्याकडे पशुरोगांचा सरकारी इतिहास सुरू होतो तो गुरांपासून. १८६५ मध्ये इंग्लंडमध्ये बुळकांडीची भयंकर साथ आली होती. तिचा धसका घेऊन इकडं ब्रिटिश सरकारनं गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला. मुंबई लष्करातले पशुवैद्यक हॅलन त्यावर होते. १८७१ मध्ये आयोगाचा अहवाल आला. काळजी होती ती नांगराच्या बैलाची, महसुलाची आणि लष्कराच्या गाड्या ओढणाऱ्या जनावरांची.

१८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली, आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. म्हणजे आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा जन्म पुण्याचा. पण पुण्यासारख्या गजबजलेल्या गावात जिवंत रोगजंतू सांभाळणं धोक्याचं होतं, हवाही गरम. १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये मुंबईतल्या प्लेगच्या अभ्यासासाठी आलेले रॉबर्ट कॉख तिथंही जाऊन आले. त्याआधीच ते दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करत होते.

या सगळ्यात शेळ्या-मेंढ्या दिसतात, पण प्रयोगाचं साहित्य म्हणून. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत असा पुन्हापुन्हा नेला. शेळीत रुळलेला तो विषाणू गुरांसाठी सौम्य झाला आणि त्याची लस झाली. लाखो गुरं त्या लसीनं वाचली.

शंभरेक वर्षांनी हेच पुन्हा घडलं. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीची मोठी साथ आली. लम्पी, मेंढीची देवी आणि शेळीची देवी हे तिन्ही विषाणू सख्खी भावंडं. लम्पीची खास लस बाजारात नव्हती, म्हणून शेळीच्या देवीची लस गायीबैलांना टोचली. काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक गोवंशाचं लसीकरण झालं. ते कौतुकाचंच काम होतं. आमच्या ऑफिसातल्या, कधी गोठ्यात न गेलेल्या मुलांनाही लम्पी हा शब्द माहीत झाला. पण ज्या शेळीच्या रोगाची ती लस होती, तो रोग माहीत असलेला एकही जण मला तिथं भेटला नाही.

याला आकड्यांचंही कारण आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायीबैल १ कोटी ४० लाखांच्या आसपास होते आणि मेंढ्या सुमारे २७ लाख. गाय गावोगाव, मेंढी काही तालुक्यांत आणि तीही ठरावीक लोकांकडे. माण, खटाव, फलटण, जत, आटपाडी, सांगोला, कवठे महांकाळ, संगमनेर असा तो पाऊस न पडणारा पट्टा. तिथल्या माणसाच्या तोंडी या साथी आहेत. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं पुण्यात राहून धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या लोकांचा इतिहास त्यांच्याच तोंडून कागदावर आला. सरकारी दप्तरात मात्र मेंढी मेली तर ती बहुतेक वेळा नोंदीशिवाय मेली.

मावशीचा रोग

आता नानांच्या मेंढीकडं येऊ. तोंडात फोड, नाक वाहणं, मग हगवण आणि न्यूमोनिया. हा पीपीआर. मराठीत याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात आणि ते नाव बरोबर आहे. गुरांची बुळकांडी, माणसांचा गोवर आणि पीपीआर हे एकाच कुळातले. पीपीआरचं पहिलं वर्णन १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून झालं. फ्रेंच नावाचा अर्थच लहान रवंथ करणाऱ्यांची महामारी.

भारतात तो पहिल्यांदा ओळखला गेला १९८७ मध्ये, तमिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढ्यांमध्ये. 'ओळखला गेला' असंच म्हटलं पाहिजे. त्याआधी शेळ्या-मेंढ्यांना असं काही झालं की ती बुळकांडीच समजली जायची, कारण दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात आणि फरक प्रयोगशाळेतच कळतो. १९९० च्या दशकात उत्तरेतही साथी आल्या. हिमाचल प्रदेशातल्या सुंगरी गावच्या शेळीतून १९९६ मध्ये घेतलेला विषाणू मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत सौम्य केला गेला आणि त्याची लस झाली. आज देशभर टोचली जाणारी ही सुंगरी लस. एका डोसनं काही वर्षं संरक्षण मिळतं. अरसूरच्या विषाणूपासून तमिळनाडूत दुसरी लस झाली. दोन गावांची नावं अशी बाटलीवर गेली.

एक मधला टप्पा मला फार विचार करायला लावतो. पीपीआरची स्वतःची लस येण्याआधी गुरांच्या बुळकांडीची लस शेळ्या-मेंढ्यांना दिली जायची. ती चालायची, कारण रोग मावस भावंडांसारखे. पण भारत तेव्हा बुळकांडी निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात होता. देशातून रोग गेला हे जगाला सिद्ध करायचं तर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. लस टोचत राहिलं तर प्रतिपिंड लसीमुळे आहेत की रोगामुळे, हे कळणार नाही. म्हणून ती लस थांबवावी लागली. निर्णय शास्त्राला धरून होता. १९९५ मध्ये भारतात बुळकांडीची शेवटची साथ झाली, २००६ मध्ये देश त्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी गेल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. गुरांचा एवढा मोठा प्रश्न सुटला. मेंढरांचा वेगळा सोडवावा लागणार होता.

तो सोडवायला पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टच्याच आबिजान शहरात जगभरच्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत पीपीआर जगातून घालवायचा.

तिसरा विषाणू थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या इतिहासात महाराष्ट्र पहिला आहे. नीलजिव्हा, म्हणजे ज्यात जीभ सुजून निळसर पडते तो रोग, भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ मध्ये महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांत. हा मेंढीकडून मेंढीला थेट लागत नाही. ओल्या चिखलात आणि शेणात वाढणारे बारीक चावरे कीटक तो पसरवतात, म्हणून पावसाळ्यानंतर येतो. याचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही. आपल्याकडची लस पाच प्रकारांवरची आहे, ती यायलाच पहिल्या नोंदीपासून पन्नासेक वर्षं लागली.

प्रायमरी की कुठली?

लस आहे, एका डोसमध्ये काम होतं, कार्यक्रम आहे. मग नानांच्या कळपात पीपीआर कसा शिरला?

मी त्यांना विचारलं, "नाना, लस दिली नव्हती का?"

"गावात आलं हुतं डाक्टर. आमी तवा खाली हुतो."

खाली म्हणजे कोकणात. लसीकरणाची मोहीम गावानुसार चालते. गावात किती जनावरं, किती डोस, कोणत्या तारखेला. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर नोंदीची प्रायमरी की गाव आहे. ज्यांची मेंढरं वर्षातले सात महिने गावाबाहेर असतात त्यांची ओळ त्या दिवशी रिकामी राहते. कोकणात ते ज्या गावाच्या खाचरात बसलेले असतात, त्या गावाच्या यादीत ते नसतातच. यात कुणी कामचुकारपणा केला असं मला वाटत नाही. तक्त्याचा आराखडाच बसून राहणाऱ्या जनावरांसाठी केलेला आहे.

आता कानात बारा अंकी नंबरचा पिवळा बिल्ला मारतात आणि त्यावर लसीची नोंद ठेवतात. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण यात की जनावर आहे, गाव नाही. जिथं मेंढी तिथं तिची नोंद. पण बिल्ला मारायलाही कुणीतरी कळपापर्यंत पोचावं लागतं. लस बर्फात न्यावी लागते, पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागते. घाटाच्या पायथ्याशी, रात्री सात वाजता, मेंढरं रानातून परत आल्यावर.

दुसरा रस्ता बाजाराचा. लोणंदचा मेंढरांचा बाजार प्रसिद्ध आहे. दहा तालुक्यांची जनावरं काही तास एकमेकांना घासून उभी राहतात आणि दहा दिशांना जातात. मुंबईची बाजू म्हणजे देवनार. १९७१ पासून तिथं कत्तलखाना आहे आणि ईदच्या आधी अनेक राज्यांतून जनावरं येतात. जे कापायला जातं त्याच्याबरोबर रोगही संपतो. जे पाळायला दुसऱ्या कळपात जातं ते रोग घेऊन जातं.

आणि इथंच पप्पांचं वाक्य येतं. "एक बी इकू नगंस."

साथीच्या पहिल्या चार दिवसांत मेंढपाळापुढं एक सोपा मार्ग असतो. निम्मा कळप अजून बरा दिसतो. व्यापारी गाडी घेऊन वाड्यावर येतो, भाव पाडून मागतो, पण रोख देतो. आज दिलं तर हातात काहीतरी येतं. आठवड्यानं मेलं तर खड्डा खणायचा खर्च. बरी दिसणारी जनावरं आतून लागण झालेली असतात, हे दोघांनाही माहीत असतं. आबांनी देवीच्या साली विकली होती. सव्वीस मेंढरं. पप्पांनी हे मला त्या रात्री सांगितलं, आजीनं कधीच सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात खटावकडच्या एका वाड्यात देवी गेली. ती आबांच्याच मेंढरांतून गेली की आणखी कुठून, हे कुणी सिद्ध केलं नाही. पण आबा त्यानंतर कधी त्या वाड्याच्या बाजूनं कळप नेत नसत, लांबचा फेरा घेत.

२००९ चा केंद्राचा कायदा सांगतो की साथीच्या रोगाची शंका आली तर मालकानं कळवायचं आणि आजारी जनावरं वेगळी ठेवायची. बरोबर आहे. पण कळवणाऱ्याला सहा वर्षांचा हिशेब समोर दिसत असतो. तो गप्प बसला तर त्याला दोष देण्याआधी ती एक्सेल शीट एकदा बघावी.

करोनाच्या दिवसांत आपण हर्ड इम्युनिटी हा शब्द हजारदा ऐकला. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं 'समूह प्रतिकारशक्ती' केलं. मुळात तो शब्द माणसांसाठी नव्हताच. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी गायींच्या गर्भपाताच्या साथीबद्दल लिहिताना तो वापरायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं होतं की साथीतून वाचलेली जनावरं विकू नका, ठेवा, त्यांची कोकरं-वासरं वाढवा आणि बाहेरची नवी आणू नका. म्हणजे कळपच हळूहळू रोगाला पुरून उरेल. आबांना हे माहीत होतं. देवीतून वाचलेल्या व्रण पडलेल्या मेंढ्या त्यांनी शेवटपर्यंत विकल्या नाहीत. बाजारात त्यांना भाव नव्हता हे एक कारण. पण आजी म्हणायची, "त्या पुन्यांदा मरायच्या न्हाईत."

नानांचा वाडा

नानांनी विकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला होता, चौदा मेंढ्या मागत होता. नाना म्हणाले, भाव बरा होता. मग त्यांनी जवळच्या दोन वाड्यांना फोन करून सांगितलं की आमच्यात रोग आहे, इकडच्या पाणवठ्यावर येऊ नका. पप्पा म्हणाले, आबांच्या वेळी फोन असता तर... आणि पुढं बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पोचले. नमुने घेतले. विषाणूवर थेट औषध नसतं. न्यूमोनियावर अँटिबायोटिक, हगवणीवर सलाईन, तोंडाचे फोड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायचे आणि चावायला मऊ असं काहीतरी खाऊ घालायचं. काकू नाचणीची पेज करून बाटलीनं पाजत होत्या. डॉक्टरांनी शेजारच्या दोन्ही वाड्यांतल्या मेंढरांना लस टोचली. ती मेंढरंही कुठल्याच गावाच्या यादीत त्या दिवशी नव्हती. नानांनी फोन केल्यामुळे ती सापडली.

नव्वदपैकी एकोणीस गेली, त्यात तेरा कोकरं. शेजारच्या वाड्यांत रोग गेला नाही.

मी माझी शीट पुन्हा उघडली. एकाहत्तरपासून पंधरा टक्क्यांनी नव्वदला जायला दोन वर्षांहून थोडं कमी लागतं. मी नानांना सांगितलं, "दोन वर्षं धरा."

ते म्हणाले, "पाऊस धरलास का त्यात?"

नव्हता धरला.

पप्पांनी मेमध्ये सुट्टी काढली. कळप घाट चढून परत येत होता तेव्हा ते चार दिवस त्याच्याबरोबर चालले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. नानांनी फोटो पाठवला. पप्पा वाघरीत उकिडवे बसलेत, एका मेंढीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून हिरड्या बघताहेत. मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला आहे. मी फोटो झूम करून नंबर वाचला. बारा अंक. एकूण एकाहत्तर ओळींपैकी एक.